बेस कँपला कोण थांबणार

आईनं वजनकाटा स्वयंपाकघराच्या मधोमध ठेवला आणि हेमाकाकूला म्हणाली, "चढ."

"साडीवर? साडीचंच अर्धा किलो भरतं."

"अर्धा किलो वजा करते. चढ."

"आणि सकाळी खाल्लेल्या आंबोळ्या?"

"हेमा."

हेमाकाकू चढली, खाली बघितलं आणि चटका बसल्यासारखी उतरली. "तुझा काटा बिघडलाय, कुमुद."

"दवाखान्यात रोज वीस बायका मला हेच सांगतात," ओट्याला टेकून उभी असलेली झुबेदामावशी म्हणाली. ती नर्स होती. आकडा तिनं आधीच वाकून टिपला होता. "चौसष्ट. म्हणजे पाठीवर तेरा किलो. चला, पुढची."

पुढची मी. बावन्न किलो, पाठीवर दहा. जेवढं वजन अंगाचं, त्याचा पाचवा हिस्सा पाठीवर, हे आईचं माप होतं. त्यात कुणाचं काही चालायचं नाही.

त्या रविवारला आता बावीस वर्षं झाली. मार्च होता. मिरजेत पंखे सुरू झाले होते आणि आमच्या स्वयंपाकघरात चार बायका साडेसतरा हजार फुटांवरच्या बर्फात घालायचे मोजे मोजत बसल्या होत्या. आई तेव्हा एक्कावन्न वर्षांची होती. शाळेत पी.टी. शिकवायची; अर्ध्या मिरजेनं तिची शिट्टी ऐकलेली होती. झुबेदा मुल्ला आणि हेमा मगदूम या तिच्या कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. हेमाकाकूचा चिवडा-लाडवांचा घरगुती उद्योग होता, त्यामुळे आमच्या सगळ्या मोहिमांचा शिधा तिच्याकडे. मी चोवीस वर्षांची, नुकतीच कॉलेजच्या लायब्ररीत लागलेली. या तिघींबरोबर जाणारी मी सगळ्यांत लहान आणि, खरं सांगायचं तर, सगळ्यांत कच्ची.

शिखराचं नाव रतनधार. मनालीच्या वर तीन दिवस चालत गेलं की त्याचा पायथा येतो. आईनं ते पंचवीस वर्षांची असताना, लग्नाआधी, समोरच्या खिंडीतून पाहिलं होतं आणि कुणाच्या तरी कॅमेऱ्यातून त्याचा फोटो काढून आणला होता. तो काळा-पांढरा फोटो आमच्या स्वयंपाकघरात दत्ताच्या तसबिरीशेजारी टांगलेला असे. दर वर्षी आई म्हणे, पुढच्या उन्हाळ्यात. मग कधी माझा जन्म, कधी माझी दहावी, कधी आजीचं अंथरूण, कधी पेपर तपासणी. अशी सव्वीस वर्षं गेली. त्या वर्षी मात्र तिनं जानेवारीतच गोवा एक्सप्रेसची वेळ पाठ करून टाकली होती.

"आता वाट बघून घ्या," ती म्हणाली.

सगळ्या गाद्या, उशा आणि दोन रजया एकावर एक रचून तिनं जमिनीवर डोंगर केला होता आणि त्यावर पांढरी चादर अंथरली होती. विणकामाची सुई घेऊन ती त्याच्यासमोर मांडी घालून बसली. हेमाकाकूनं डब्यातले बेसनलाडू काढले आणि आई दाखवेल तिथं एकेक लाडू ठेवत गेली.

"हा बेस कँप. बारा हजार. इथपर्यंत खेचरं येतात. हा कँप एक, साडेचौदा. इथनं बर्फ लागतो. आणि हा वरचा कँप, सोळाला थोडा कमी."

"वरच्या कँपचा लाडू घसरतोय," झुबेदामावशी म्हणाली.

"तंबू पण घसरेल, नीट नाही बांधला तर. तिथनं पहाटे दोनला निघायचं. या धारेनं. डावीकडं अजिबात जायचं नाही, तिकडं असं सरळ खाली आहे." तिनं चादरीची सुरकुती सुईनं दाबली. "आणि मग हे."

गादीच्या टोकाशी तिची सुई थांबली. आम्ही चौघीही त्या चादरीच्या टोकाकडे बघत राहिलो. मला आत्ताही आठवतं, मोज्यांचे किती जोड मोजले ते मी तेव्हा साफ विसरून गेले. कॉलेजात बी.ए.चा निकाल लागला तेव्हाही असं झालं नव्हतं.

"पलीकडं काय दिसतं गं?" हेमाकाकूनं विचारलं.

"माहीत नाही," आई म्हणाली. "मी या बाजूनंच बघितलाय."

मग शिध्यावरून भांडण झालं. झुबेदामावशीनं सूपसाठी वाळवलेल्या बटाट्याचा कीस आणला होता. हेमाकाकू जैन, बटाट्याला हात लावत नसे.

"वर जीव गेला तरी खाणार नाही?"

"जीव गेल्यावर कशी खाईन?"

"मूगडाळीचं सूप कर, झुबे," आई म्हणाली. "मला पण तेच. एक भांडं, एक सूप."

"आणि तुझ्या गुडघ्याला काय देऊ?" झुबेदामावशीनं सरळ विचारलं. "डिसेंबरपासून सुजतोय."

"उतरला आता."

"उतरला म्हणे! परवा दंडोबाच्या डोंगरावरनं उतरताना खेकड्यासारखी आडवी चालत होतीस," हेमाकाकू म्हणाली. "मी मागं होते. डोळे आहेत मला."

"चढताना बरी होते ना?"

"उतरायचं पण असतं, बाई. वर राहायला चाललीयेस का?"

आईनं सुई रजईत खुपसली आणि घड्याळाकडे पाहिलं. "अकरा वाजले. वैजू, बाबांना सांग."

बाबांना काय सांगायचं ते त्यांना ठाऊक होतं. ते चप्पल घालूनच बसले होते. "चिठ्ठ्या?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "बेस्ट लक," असं म्हणून ते पत्ते खेळायला निघून गेले.

चिठ्ठ्यांची पद्धत आईची. खूप वर्षांपूर्वी एका मोहिमेत सगळेच्या सगळे वर गेले होते, बेस कँपला आपलं असं कुणीच नव्हतं. वर एकाचा पाय मोडला आणि दोन दिवस खाली कुणाला पत्ता लागला नाही. तेव्हापासून आईचा नियम: एकीनं बेस कँपला थांबायचं. हवा बघायची, वॉकीटॉकी सांभाळायची, गरज पडली तर गावात माणूस धाडायचा. ती एक कोण, हे डोंगरावर ठरवायचं नाही. तिथं थंडीनं आणि हावेनं डोकं चालत नाही. घरी, पोट भरलेलं असताना, तिकिटं काढायच्या आधी ठरवायचं. प्रत्येकीनं चिठ्ठीवर एक नाव लिहायचं: बेस कँपला कोण थांबणार. स्वतःचं नाव लिहायचं नाही, कारण मोठेपणा मिरवणाऱ्या माणसाच्या भरवशावर आई दोर बांधत नसे. चिठ्ठ्या आई वाचणार, वाचली की लगेच गॅसवर जाळणार, म्हणजे अक्षर कुणाला ओळखता येणार नाही. आणि कुणी काय लिहिलं याबद्दल नंतर एक शब्द बोलायचा नाही, कधीच.

वरच्या कँपला वाटाड्याचा तंबू वेगळा, आमचा एकच आणि तोही तिघींपुरता. म्हणजे चौघींतल्या एकीला रतनधार खालूनच बघावा लागणार होता.

ती एक मी असणार, हे त्या स्वयंपाकघरात सगळ्यांना माहीत होतं. आदल्या वर्षी तेरा हजार फुटांवर मी ओकले होते, डोकं धरून रात्रभर रडले होते आणि सकाळी मला पोत्यासारखं खेचरावर घालून खाली आणलं होतं. बाकीच्या खिंडीपर्यंत जाऊन आल्या. मी खाली एका टपरीत दोन दिवस मॅगी खात बसले होते. त्या टपरीवाल्यानं मला विचारलेलं, "दीदी, आप किसके साथ आये हो?" ते वाक्य वर्षभर माझ्या कानात होतं. मी वर्षभर जिने चढत होते. लायब्ररीत पुस्तकांचे गठ्ठे शिपायाला उचलू न देता स्वतः वर नेत होते. मला वर जायचं होतं. इतकं मला तोपर्यंत काहीच हवंसं वाटलं नव्हतं.

आईनं जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाचे चार तुकडे केले, चौघींना एकसारख्या पेन्सिली दिल्या. आम्ही चार कोपऱ्यांत पाठमोऱ्या बसलो.

मी विचार केला, आणि तो आजही मला जसाच्या तसा आठवतो. झुबेदामावशी माझं नाव लिहील. आई बहुतेक माझंच लिहील. शाळेतही तिनं मला कधी एक मार्क वाढवून दिला नव्हता. हेमाकाकू मात्र सकाळपासून आईच्या गुडघ्यावर बोलत होती. ती आईचं लिहील. मग मीही आईचं लिहिलं, तर दोन-दोन. बरोबरी झाली की नाणं उडवायचं. नाण्यात निम्मी आशा तर होती.

गुडघ्यासाठी लिहितेय, असं मी मनाशी म्हटलं. तिच्याच भल्यासाठी. उतरताना गुडघा गेला तर तिला कोण आणेल खाली?

मी 'कुमुद' लिहिलं आणि चार घड्या घातल्या.

आईनं चिठ्ठ्या वाटीत गोळा केल्या, हलवल्या आणि ओट्याशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. गॅस पेटवला. हातात चिमटा होता. पहिली चिठ्ठी उघडली, वाचली. तिला वाचायला जरा वेळ लागला.

"कुमुद," ती म्हणाली, आणि कागद ज्योतीवर धरला.

माझे कान तापले.

"वैजू." दुसरा कागद.

"कुमुद."

चौथी चिठ्ठी तिनं उघडली आणि लगेच जाळली. "कुमुद. झालं. तीन आणि एक."

झुबेदामावशी हेमाकाकूकडे बघत होती आणि हेमाकाकू झुबेदामावशीकडे. दोघींची तोंडं अशी झाली होती की जणू समोरचीनं ताटात माती कालवली. मी खाली बघत होते. मी मनात बेरीज केली: माझं एक, त्या दोघींची दोन. म्हणजे 'वैजू' लिहिणारी एकटी आई.

"कुमुद, हे काही बरोबर नाही," झुबेदामावशी म्हणाली. "हा डोंगर तुझा..."

"नियम काय आहे?"

"नियम गेला खड्ड्यात."

"नियम काय आहे, झुबेदा?"

आईनं राख ओट्यावरून पुसली, फडकं पिळून वाळत घातलं, गादीच्या डोंगरासमोर पुन्हा मांडी घातली आणि सुई उपसली. तिचा आवाज शाळेच्या मैदानावरचा होता. "आता वेळापत्रक बदलायला लागणार. बारा हजारांवर एक दिवस धरलाय, तिथं तीन धरा. आणि कँप एकला जाऊन परत खाली झोपायला यायचं, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. शरीराला उंचीची सवय होऊ दे."

"दोन दिवस वाढले?" हेमाकाकू किंचाळली. "अगं, सगळा शिधा परत मोजायचा!"

"मोज की. काटा तिथंच आहे."

"आणि खेचरवाल्याला कळवायचं?"

"पत्र मी टाकते. लाडू तेवढे जास्त कर. आणि वैजे, उद्या साडेपाचला दंडोबा. पाठीवर पंधरा किलो."

"माझे दहा आहेत ना?"

"वर दहा. इथं पंधरा."

संध्याकाळपर्यंत आम्ही पुन्हा सगळं मोजलं, पिशव्या भरल्या, त्यांवर दिवसांचे आकडे घातले. हळूहळू हसणंही परत आलं. हेमाकाकूनं बर्फात घालायचे गॉगल साडीवर घालून दाखवले. झुबेदामावशीनं माझ्या हाताला दोर बांधून मला स्वयंपाकघरातून देवघरापर्यंत ओढत नेलं आणि गाठ सुटते का ते बघितलं. आई या दारातून त्या दारात सूचना देत होती. मी आत आनंदानं फुटत होते आणि तिच्याकडे बघत नव्हते. दोन दिवस वाढवले ते तिच्या गुडघ्यासाठी, असं मला वाटलं. बेस कँपपर्यंत तरी तिला चालायचं होतंच.

दुसऱ्या दिवसापासून अडीच महिने तिनं मला दंडोबावर चढवलं. पंधरा किलो, मग अठरा, मग वीस. सॅकमध्ये दगड ती स्वतः निवडून घालायची. एकदा वाटेत थांबून मी विचारलं, "आई, तुला वाईट वाटलं?"

"श्वास नाकानं घे," ती म्हणाली. "बोलून दम घालवू नकोस."

झुबेदामावशी आणि हेमाकाकू तो सबंध एप्रिल एकमेकींशी धड बोलत नव्हत्या. मला वाटे, आईचं नाव लिहिल्याची दोघींना बोच लागलीय. माझीही बोच होती, पण तिघींत वाटून घेतली की हलकी होत होती. आणि तळाशी एक बारीकसा रागही होता, हे आता सांगून टाकते: काही झालं तरी माझं नाव लिहिणारी आईच होती.

दहा जूनला सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी आम्ही तिघी आणि आमचा वाटाड्या रतनधारवर पोचलो. मला डोकेदुखी झाली नाही. आई त्या वर्षानंतर बर्फावर पुन्हा गेली नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मग ती पोरींना सह्याद्रीतच नेत राहिली, सत्तरी उलटेपर्यंत.

आई या जानेवारीत गेली. महिन्यानं एका दुपारी झुबेदामावशी आणि हेमाकाकू दोघी आल्या, एक काठी टेकत आणि एक कानात यंत्र घालून. डबा आणला होता. आम्ही त्याच स्वयंपाकघरात बसलो. रतनधारचा विषय निघणारच होता.

"आता ती नाही, म्हणून बोलते," हेमाकाकू झुबेदामावशीला म्हणाली. "तिला खाली बसवलंस त्याबद्दल मी तुला मनातनं कधी माफ केलं नाही."

"मी?" झुबेदामावशीनं कानातलं यंत्र नीट बसवलं. "मी कुठं बसवलं? तू बसवलंस!"

"खोटं बोलू नकोस या वयात."

"अल्लाची शपथ. मी वैजूचं नाव लिहिलं होतं."

"वैजूचं मी लिहिलं होतं!"

"मोठ्यांदा बोल."

"मोठ्यांदाच बोलतेय! ते एक 'वैजू' वाचलं ना तिनं, ते माझं!"

"ते माझं!"

मग दोघींना एकदम आठवलं की वैजू समोर बसलीय. "सॉरी गं बाळा," झुबेदामावशी म्हणाली. "आदल्या वर्षी तुझी ती अवस्था... मला भीती वाटली होती."

"मला पण," हेमाकाकू म्हणाली. "गुडघ्यानं माणूस मरत नाही, उंचीनं मरतं. म्हणून लिहिलं."

दोघी बोटांवर मोजत होत्या. दोन चिठ्ठ्या 'वैजू'. आणि आईनं वाचली होती एकच.

"बाईनं वाचताना बदललं," हेमाकाकू हळू म्हणाली. "शिट्टी मारून जगाला रांगेत उभं करणारी बाई, आणि आपल्या तोंडावर खोटं वाचलं! आणि आपण वेड्यासारख्या बावीस वर्षं एकमेकींवर..."

"बोलायचं नाही असा नियमच होता ना. तिला माहीत होतं आपण बोलणार नाही." झुबेदामावशीच्या चेहऱ्यावर एक प्रकारचं कौतुक पसरत चाललं होतं. "स्वतःचं नाव पण लिहिलं असणार तिनं, हे मला तेव्हाच वाटलं होतं. तो पण नियम मोडला."

तिथं गप्प बसता आलं असतं. आईची ती गोष्ट अशीच राहिली असती, सुंदर आणि पूर्ण.

"तो नाही मोडला," मी म्हटलं. "'कुमुद' एकच चिठ्ठी होती. ती माझी."

हेमाकाकूनं डबा बाजूला सरकवला.

"का गं?" हेमाकाकूनं विचारलं.

"मला वर जायचं होतं."

"आणि आम्हाला काय, खाली भजी तळायची होती?" तिनं माझ्या गुडघ्यावर चापटी मारली, पण तिचा हात तिथंच राहिला.

झुबेदामावशी अजून मोजत होती. "मग कुमुदनं काय लिहिलं असेल?"

"माझंच," मी म्हटलं. मला त्यात जराही शंका नव्हती. लिहिताना ती खोटं लिहिणाऱ्यांतली नव्हती. लिहून झाल्यावर तिनं पहिली चिठ्ठी उघडली, तिच्यावर मुलीच्या अक्षरात तिचं नाव होतं, आणि मग ती वाचायला थोडा वेळ थांबली होती. वाढलेले दोन दिवस आणि पाठीवरचे पंधरा किलो त्यानंतरचे.

"म्हणजे खरा निकाल उलटा," झुबेदामावशी म्हणाली. "तीन विरुद्ध एक. तिघींनी मिळून तुला खाली बसवली होती पोरी, आणि तू वर जाऊन आलीस!" ती हसायला लागली. हेमाकाकूही. मग मीही हसले, आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

त्या दोघी गेल्यावर मी तिथंच बसून राहिले. शिखरावर पोचल्यावर सगळ्यांत आधी वॉकीटॉकी मी हातात घेतली होती. वारा इतका की स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. अपराधी वाटत होतं म्हणून मी ओरडले होते, "आई, इथं तू असायला हवी होतीस!"

खरखर झाली. मग साडेपाच हजार फूट खालून तिचा आवाज आला, घाईघाईचा, एखाद्या मुलीसारखा.

"ते असू दे गं. पलीकडं काय दिसतंय? पलीकडचं सांग!"

मी सांगितलं. बर्फाच्या एकामागे एक धारा, मधे एक लांबट हिरवी दरी, तिच्यात धाग्याएवढी नदी. ती प्रत्येक गोष्ट दोनदा विचारत होती. नदी कुठल्या बाजूला वाहते? हिरवं म्हणजे कसलं हिरवं? शेवटी वाटाड्यानं मला दंडाला धरून खाली वळवलं, तरी मी बोलतच होते.